गुळवेल रोज घ्यावी का? लिव्हरच्या बातम्या, जुने ग्रंथ आणि आपल्या बांधावरची वेल

पावसाळा लागला की सोलापुरात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे पेपरात डेंग्यूच्या बातम्या यायला लागतात, आणि दुसरं म्हणजे फॅमिली ग्रुपवर गुळवेलीचे मेसेज फिरायला लागतात. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरून ठेवलेल्या असतात आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, मग तापाचे पेशंट प्रत्येक गल्लीत. आणि मग सुरू होतं, गुळवेलीचा काढा घ्या, प्लेटलेट वाढतात, शुगर कमी होते, सांधे दुखायचे थांबतात, रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, काही साइड इफेक्ट नाही. त्याच ग्रुपवर दुसरा कुणीतरी लिंक टाकतो की गुळवेलीनं लिव्हर खराब होतं. एकाच दिवशी दोन्ही वाचल्यावर माणसानं करायचं काय?

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळं हा प्रश्न जुलैपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडं सारखा येतो. विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, भाजी घेताना ओळखीच्या बायका विचारतात. "मॅडम, सगळेच घ्यालेत की ओ, मग आम्ही घेतलं तर काय होतंय?" म्हणून म्हटलं एकदा नीट, पहिल्यापासून लिहावं. मी डॉक्टर किंवा वैद्य नाही, त्यामुळं कुणाला औषध सांगणं हे माझं काम नाही, पण वेल ओळखणं, ग्रंथात काय लिहिलंय आणि संशोधनात काय सापडलंय ते समजावणं हे मला जमतं.

आधी वेल बघूया

गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. हिंदीत गिलोय, संस्कृतात गुडूची किंवा अमृता. आपल्या शहरात पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं भरपूर, त्यांच्यात तिप्पतीगा म्हणतात, आणि अक्कलकोटकडं कन्नड बोलणाऱ्या घरात अमृतबळ्ळी म्हणतात, सगळी एकच वेल.

आपल्याकडं ही कडुलिंबावर चढलेली दिसते, नाहीतर शेताच्या बांधावर, कुंपणावर. पान बदामाच्या आकाराचं, गुळगुळीत. उन्हाळ्यात पानं बहुतेक सगळी गळून जातात आणि नुसत्या दोऱ्या लोंबल्यासारखी वेल दिसते, नवीन माणसाला वाटतं वाळून गेली. तसं काही नसतं. बोटाएवढ्या जाड खोडावर नख ओढलं की कागदासारखा पातळ तपकिरी पापुद्रा निघतो आणि खाली ओलाकंच हिरवा रंग दिसतो. ब्लेडनं आडवं कापलं तर आतमध्ये चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, वर्गात हे दाखवल्यावर मुलं एकदम पुढं येऊन बघतात. ही रचना जुन्या लोकांनीही बघितली होती, म्हणून तिला चक्रलक्षणा असं पण नाव आहे. आणखी एक नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. खालून तोडलेली वेल झाडावर तशीच राहिली तर वरून बारीक दोऱ्यासारखी मुळं सोडते, ती हळूहळू जमिनीपर्यंत येतात आणि वेल परत चालू. चव विचारूच नका, इतकी कडू की तुकडा चावल्यावर बराच वेळ जिभेवरून जात नाही.

कडुलिंबावरचीच गुळवेल चांगली असं सगळे म्हणतात, वैद्यही तेच पसंत करतात. इथं एक सांगते, गुळवेल बांडगुळासारखी झाडातून रस ओढत नाही, तिची मुळं तिची स्वतःची असतात, झाड फक्त आधाराला. त्यामुळं लिंबाचा सगळा गुण वेलीत उतरतो असं ठामपणे म्हणता येत नाही. परंपरा आहे, पाळायला काही हरकत नाही, पण लिंबावरची आहे म्हणजे आपोआप निर्धोक झाली असं समजू नका.

आयुर्वेदात नेमकं काय सांगितलंय

भावप्रकाशात गोष्ट आहे की रावणाला मारल्यावर इंद्रानं युद्धात मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, ते उठून बसले, आणि त्यांच्या अंगावरून अमृताचे थेंब जिथं जिथं पडले तिथं गुळवेल उगवली. गोष्ट म्हणून सुंदर आहे. पण ग्रंथ तिथं थांबत नाहीत, आणि खरं महत्त्व पुढच्या भागाला आहे.

चरकसंहितेत गुळवेल मेध्य रसायनांमध्ये येते. रसायन म्हणजे शरीराचे धातू चांगले ठेवणारं औषध, आणि मेध्य म्हणजे बुद्धीला, स्मरणाला उपयोगी. तिथं चार औषधं सांगितलीत, मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा. चौघांचं रूप वेगवेगळं, हे बघा. शिवाय ताप, कावीळ, प्रमेह, त्वचेचे विकार आणि वातरक्त यात तिचा वापर येतो. वातरक्त म्हणजे सांधे लाल होऊन सुजतात, ठणकतात असा आजार, आजच्या गाऊटच्या बराच जवळचा. अमृतारिष्ट, संशमनी वटी, कैशोर गुग्गुळ, अमृता गुग्गुळ ही दुकानात मिळणारी नावं आपण ऐकलेली असतात, या सगळ्यात गुळवेल आहे.

आणि एक जुना श्लोक वैद्य मंडळी नेहमी सांगतात. त्याचा अर्थ असा की गुळवेल तुपाबरोबर दिली तर वात कमी करते, गुळाबरोबर बद्धकोष्ठता, साखरेबरोबर पित्त, मधाबरोबर कफ, एरंडेलाबरोबर वातरक्त आणि सुंठीबरोबर आमवात. कशाबरोबर औषध घ्यायचं त्याला अनुपान म्हणतात. आता विचार करा, एकच वेल पण सहा तक्रारींना सहा वेगळी अनुपानं, म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्याच्या डोक्यात समोर एक ठरावीक माणूस बसलेला होता, त्याला काय होतंय, त्याचा कोठा कसा, वय काय, ऋतू कुठला, हे बघून मग औषध. काढ्याचं पण माप आहे, शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकारानं सांगितलंय की औषधाच्या १६ पट पाणी घालायचं आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवायचं. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, खोडाचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम किंवा काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम अशी मात्रा दिलीय.

मेसेजमध्ये यातलं काय उरतं? "रोज सकाळी एक ग्लास, सगळ्या घरानं." ना माप, ना किती दिवस, ना कुणाला. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण हे आयुर्वेदाच्या नावानं चालतं आणि आयुर्वेदानं जे काळजीनं ठरवून दिलंय तेवढंच नेमकं गाळून टाकलेलं असतं.

प्रतिकारशक्ती म्हणजे नक्की काय वाढतं?

गुळवेलीवर जे काम झालंय त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते, ती आपल्या प्रतिकारशक्तीवर परिणाम करते. तिच्या खोडात कडू द्रव्यं असतात, बर्बेरीनसारखी अल्कलॉइड असतात, आणि साखरेच्या मोठ्या साखळ्या असलेली द्रव्यं असतात, प्रयोगशाळेत ही साखळीवाली द्रव्यं पांढऱ्या पेशींना जागं करताना दिसलीत.

पण इथंच सगळा घोटाळा होतो. आपण प्रतिकारशक्ती हा शब्द असा वापरतो की जणू ती जितकी जास्त तितकं चांगलं. सोलापूरकरांना यंत्रमागावरून लगेच समजेल. मागाच्या मोटारीला ठरावीक व्होल्टेज लागतं, कमी आलं तर माग कुंथत चालतो, कापड बिघडतं, पण म्हणून कुणी व्होल्टेज दुप्पट करून देत नाही, दिलं तर मोटार जळते. प्रतिकारशक्तीचं अगदी तसंच आहे. कमी पडली तर जंतू वरचढ होतात, आणि चुकीच्या दिशेनं वाढली तर ती आपल्याच अवयवांवर उलटते. आमवात, ल्युपस, सोरायसिस, थायरॉईडचे काही प्रकार हे असेच आजार, यांना ऑटोइम्यून म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्ध लढणारे. यातले बरेच आजार बायकांना जास्त होतात आणि कित्येकींना ते आपल्याला आहेत हेच माहीत नसतं, थकवा येतो, सांधे दुखतात, केस गळतात, आणि घरचे म्हणतात कामाचा ताण आहे.

चांगल्या बाजूचा पुरावा पण आहे, तो लपवायचं कारण नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं शिस्तीत काम केलं. १९९३ साली त्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, पित्ताची वाट अडून कावीळ झालेले ३० पेशंट, अशा पेशंटची प्रतिकारशक्ती खूप खाली गेलेली असते आणि ऑपरेशननंतर रक्तात जंतुसंसर्ग होऊन ते दगावतात. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली त्यांच्यात संसर्ग कमी झाला आणि जगण्याचं प्रमाण खूप चांगलं होतं. पेशंट कमी होते हे खरं, पण दिशा दाखवणारं काम होतं. पुढं २००५ मध्ये ऍलर्जीच्या सर्दीवर ७५ लोकांत आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, अर्ध्यांना गुळवेल, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी, आणि गुळवेलवाल्यांच्या शिंका आणि नाक गळणं कमी झालं. म्हणजे वेलीत दम आहे. आणि ज्यात दम आहे त्याचा त्रास पण होऊ शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हो, एकच आहे.

मग लिव्हरची ती बातमी काय होती?

कोविडच्या काळात गुळवेल अक्षरशः घराघरात पोचली. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात त्यांच्याकडं सहा पेशंट असे आले की कावीळ झालेली, लिव्हरला सूज, आणि कावीळ होण्याची नेहमीची कारणं तपासली तर काहीच नाही, मात्र गुळवेल सगळ्यांनी घेतलेली. त्यांच्या लिव्हरचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं दिसत होतं, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं लिव्हरवर हल्ला केलेला. वरचं मोटारीचं उदाहरण आठवलं तर हे समजायला सोपं जाईल.

आयुष मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये त्याला जोरात विरोध केला, सांगितलं की ती गुळवेलच होती का हे नीट तपासलेलं नाही, आणि असा संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांवरच्या डॉक्टरांनी मिळून ४३ पेशंटची माहिती एकत्र केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेलेला होता, बऱ्याच जणांत तेच ऑटोइम्यूनसारखं चित्र होतं, वेल बंद केल्यावर पुष्कळजण सुधारले, आणि ज्यांना आधीपासून लिव्हरचा जुना आजार होता त्यांचं जास्त बिघडलं.

आता ४३ ऐकून दोन प्रकारचे लोक दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात बघा, विष आहे. दुसरे म्हणतात कोट्यवधी लोकांनी घेतली, त्यात ४३ म्हणजे काय. दोन्ही चूक. हे आकडे मोठ्या हॉस्पिटलात पोचलेल्या, कुणीतरी नीट चौकशी केलेल्या पेशंटचे आहेत, त्यामुळं दर लाखात किती जणांना त्रास होतो हे यावरून काढताच येत नाही, ना कमी ना जास्त. यातून एवढंच कळतं की असं होऊ शकतं आणि कुणाला होण्याची शक्यता जास्त. घरच्या निर्णयासाठी तेवढं पुरेसं आहे.

"ती गुळवेल नव्हतीच, दुसरीच वेल होती"

या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून यावर जरा थांबते. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची गुळवेलीच्याच कुळातली वेल आहे, मूळची आग्नेय आशियाकडची, भारतात ईशान्येकडं सापडते, आणि तिनं लिव्हरला इजा होते याच्या नोंदी आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयानंच एक सूचना काढून दोघींतला फरक सांगितला. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर गाठी नसतात, कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही, फुलाला सहा पाकळ्या, फळं गोल आणि लाल, घोसात. क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर बारीक बारीक चामखिळीसारख्या गाठी, चीक दुधाळ, पाकळ्या तीन, फळं लांबट आणि नारिंगी.

आपल्या भागात मला क्रिस्पापेक्षा वेगळी काळजी वाटते. बांधावर पहाडवेल असते, वासनवेल असते, दोघी याच कुळातल्या, आणि नवख्या माणसाला "बदामी पानाची वेल" एवढंच माहीत असतं. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला न जोडता थोडा आत जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा, आणि वासनवेलीच्या पानावर मऊ लव असते. गुळवेलीचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. हे ताज्या वेलीचं झालं. एकदा खोड वाळवून, कांडून पूड केली की माझ्यासारखीला पण नुसतं बघून काही सांगता येत नाही, त्याला लॅबच लागते. सुट्टी पूड विकत घेताना हे लक्षात ठेवा.

पण "सगळे पेशंट चुकीच्या वेलीमुळंच आजारी पडले" असं म्हणून विषय बंद करता येत नाही. ज्या वेलीनं प्रतिकारशक्ती जागी होते असं आपण अभिमानानं सांगतो, तिनं ऑटोइम्यून प्रवृत्तीच्या माणसाला त्रास होणं यात अशक्य असं काहीच नाही.

"आमची आजी तर घ्यायची, तिला काही झालं नाही"

घेत असेल, नक्कीच घेत असेल. पण कशी घ्यायची ते आठवून बघा. ताप आला की परसातल्या ओळखीच्या लिंबावरून वीतभर तुकडा आणायचा, ठेचायचा, सुंठ घालून उकळायचा, तीन दिवस, पाच दिवस, ताप गेला की बंद. वर्षभर रोज बाटलीतून कुणी घेत नव्हतं. आजीला शुगरची गोळी, बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी चालू नव्हती. आणि एक कटू गोष्ट, त्या काळात कुणाला कावीळ होऊन माणूस गेलं तर कावीळ झाली म्हणायचे, गळ्यात माळ घालायचे, कशानं झाली हे शोधायला रक्त तपासायची सोयच नव्हती. त्यामुळं आजीला काही झालं नाही हे तुमच्या आजीपुरतं खरं, सगळ्या आज्यांचं आपल्याला माहीत नाही.

"सरकारनंच तर सांगितलं होतं"

सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं कोविडसाठी जी मार्गदर्शक पद्धत काढली त्यात गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीच्या आटवलेल्या अर्काची गोळी होती. पण त्यात काय लिहिलं होतं? ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा महिनाभर. मुदत होती. ती मुदत मेसेजातून गळाली आणि लोकांनी दोन दोन वर्षं चालू ठेवली.

"अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होत नाही का?"

होतं ना. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतलं तर लिव्हर निकामी होतं, टीबीच्या गोळ्यांनी कित्येकांना कावीळ होते. पण फरक बघा, टीबीच्या पेशंटला डॉक्टर सांगतात की उलटी आली, भूक गेली, लघवी पिवळी झाली तर लगेच या, गरज पडली तर गोळ्या थांबवून रक्त तपासतात. म्हणजे त्रास होऊ शकतो हे धरून त्याची वाट बघणारा माणूस समोर असतो. गुळवेलीच्या बाबतीत पेशंट डॉक्टरला सांगतच नाही की मी काढा घेतो, कारण ते औषध आहे असं त्याला वाटतच नाही. डॉक्टर विचारतात कुठली औषधं चालू आहेत, आपण शुगरची, बीपीची सांगतो आणि गप्प. आपल्याकडं बिड्या वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या कितीतरी बायका सांधे आणि कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणि जोडीला काढा, दोन्ही मनानंच घेतात, त्यांना हे सांगणारं कुणी नाही. त्यात काही विचित्र झालं तर कशानं झालं हे कुणालाच कळणार नाही. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायची देशपातळीवर यंत्रणा आहे, पण सांगितलंच नाही तर नोंद कसली होणार.

डेंग्यूत गुळवेल द्यायची का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यावर मी जरा कडक बोलते. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि आठवडाभरानं बहुतेकांच्या त्या आपल्या आपण वाढतात. ज्यानं त्या काळात काढा घेतला तो म्हणतो काढ्यानं वाढल्या, ज्यानं किवी खाल्लं तो म्हणतो किवीनं. गुळवेलीनं डेंग्यूत प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही.

त्याहून महत्त्वाचं, डेंग्यूचा व्हायरस स्वतःच लिव्हरला त्रास देतो. एसजीओटी, एसजीपीटी या रक्ताच्या तपासण्या लिव्हरच्या पेशी दुखावल्यात का ते सांगतात, आणि डेंग्यूत त्या वाढलेल्या असतात. अशा वेळी लिव्हरवर आणखी एक काम टाकायचं आणि नंतर आकडे कशानं वाढले याचा गोंधळ करायचा, यात शहाणपण नाही. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरताना येतो, म्हणजे घरचे निर्धास्त होतात तेव्हा. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, एकदम सुस्ती, यातलं काही दिसलं तर काढा उकळत बसू नका, सरळ दवाखाना. ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, पाणी, ओआरएस, पेज भरपूर द्यायची. आणि बॅरल आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं, झाकण घट्ट, हे कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

ज्यूस, सत्त्व, घनवटी, यात फरक काय?

भरपूर फरक आहे आणि लोक सगळ्याला "गुळवेल" म्हणतात. सत्त्व घरी करता येतं, ताजं जाड खोड ठेचायचं, रात्रभर पाण्यात भिजत टाकायचं, सकाळी हातानं चांगलं कुस्करून गाळायचं आणि गाळलेलं पाणी न हलवता ठेवायचं, तळाला पांढरा साका बसतो, वरचं पाणी ओतून तो साका वाळवायचा. हातात घेतला तर मऊ मऊ पीठ, आणि चव अगदी कमी कडू, कारण त्यात मुख्यतः स्टार्च असतो, कडू द्रव्यं बरीचशी त्या ओतून दिलेल्या पाण्यातच जातात. उलट घनवटी म्हणजे काढा आटवून आटवून घट्ट केलेला अर्क, त्यात कडू भाग एकवटलेला. बाटलीतल्या ज्यूसमध्ये काय किती आहे ते लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे "मी गुळवेल घेते" या वाक्यातून काहीच कळत नाही, कुठला प्रकार, किती, कधीपासून, हे तिन्ही सांगितल्याशिवाय. दुकानातून घेताना पूर्ण शास्त्रीय नाव, कुठला भाग वापरलाय, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि तारीख हे सगळं छापलेलं असेल तरच घ्या.

कुणी लांब राहावं आणि घ्यायचीच असेल तर कशी

लिव्हरचा कुठलाही जुना आजार, पूर्वी कावीळ होऊन गेलेली आणि कारण न कळलेलं, रोज दारू, यांनी मनानं अजिबात घेऊ नये. आमवात, ल्युपस, सोरायसिस, ऑटोइम्यून थायरॉईड असलेल्यांनी पण नाही. किडनी बदललेले पेशंट प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी गुळवेल घेणं म्हणजे त्या गोळ्यांच्या उलट काम. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते, घाम फुटणं, थरथरणं हे हलकं घेऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वैद्यांना विचारल्याशिवाय नाही, आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधी सर्जनला सांगा.

बाकी धडधाकट माणसाला काही कारणानं घ्यायची असेल तर शिकलेल्या वैद्याकडं जा. सोलापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, डिग्री घेतलेले वैद्य आहेत, तपासून घ्यायला काही लांब जावं लागत नाही. ते नाडी बघतील, भूक, झोप, पोट विचारतील, मग ठरवतील गुळवेल द्यायची का, कशाबरोबर, किती दिवस. कदाचित म्हणतील तुम्हाला गरजच नाही, तेही ऐका.

आणि सध्या कुणाची चालू असेलच, महिना दोन महिने झाले असतील, तर स्वतःकडं नीट लक्ष द्या. भूक मेलीय का, मळमळ, न संपणारा थकवा, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, यातलं एकही दिसलं तर गुळवेल त्याच दिवशी बंद करायची आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यायची, साधी रक्ताची तपासणी आहे, रिपोर्ट लवकर मिळतो. डॉक्टरकडं जाताना बाटली किंवा पुडी सोबत न्या, घरची वेल असेल तर पान, खोड आणि असलं तर फूल किंवा फळ असा वीतभर तुकडा कागदात गुंडाळून न्या, ओला तसाच, प्लास्टिकच्या पिशवीत नको कारण ती कुजते आणि मग ओळखायला काही उरत नाही, आणि कुठल्या तारखेपासून, किती, दिवसातून किती वेळा घेत होतो हे चिठ्ठीवर लिहून द्या.